माणूस टेकलेलं लोखंड

४ फेब्रुवारी

आज हॉस्पिटलच्या बाकांची मापं घेऊन आले. काम नीट झालं. तरी घरी आल्यापासून चैन पडत नाही, म्हणून लिहायला बसले.

वॉर्डाच्या इमारतीसमोर पत्र्याच्या छपराखाली लोखंडी बाकं आहेत. ज्यांचे पेशंट आत आहेत ती माणसं तिथे राहतात. राहतात म्हणजे खरंच राहतात. बाकाखाली पिशव्या, पाठीवर वाळत घातलेले टॉवेल. आता प्रत्येक बाकावर दोन माणसांच्या मधे एक अशा लोखंडी कमानी बसवायच्या आहेत, म्हणजे कोणाला आडवं होता येणार नाही. इंजिनिअर साहेब याला "बैठकव्यवस्थेत सुधारणा" म्हणाले. म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कमानी करायचं काम आमच्या वर्कशॉपला मिळालं आहे. हॉस्पिटलची दारं, खाटा, जाळ्या, सगळं काम कित्येक वर्षं बाबाच करतात.

कोपऱ्यातल्या बाकावर एक बाई झोपली होती. आईच्या वयाची, राखाडी शाल डोक्यावरून घेतलेली. मी म्हटलं, "मावशी, जरा उठता का? माप घ्यायचंय."

ती धडपडत उठली. टेपचं दुसरं टोक तिने आपण होऊन धरलं. "गाद्या टाकणार वाटतं," ती म्हणाली. "बरं होईल बाई. लोखंड फार गार लागतं गं."

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

मला माहीत होतं. कमानीचं चित्र मीच काढलं आहे. घडी घालून माझ्या पिशवीत होतं.

निघताना ती म्हणाली, "तुझं भलं होवो."

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "झोपलेलं होतं का कोणी?"

"एक मावशी होत्या. उठवलं त्यांना."

बाबांनी माझ्या हातातून टेप घेतली, पूर्ण बाहेर ओढली, पुन्हा आत जाऊ दिली. टेप बिघडलेली नव्हती. मग ते कामाला लागले. मला वाटतं, पेशंटच्या माणसांशी मी उद्धट बोलले असेन अशी त्यांना शंका आली असावी.

९ फेब्रुवारी

कमानी तयार झाल्या. आज वर्कशॉपमध्ये बाबा आणि काकांचं वाजलं.

काकांचं म्हणणं, जागेवर नेऊन वेल्डिंगचे चार टाके मारायचे आणि मोकळं व्हायचं. बाबा म्हणाले, "नट-बोल्ट लावू."

"नट-बोल्ट? दादा, उद्या कोणी पाना घेऊन आलं की कमान हातात. वेल्डिंग केलं तर जन्मात निघणार नाही."

"ऑर्डरमध्ये 'घट्ट बसवणे' लिहिलंय. घट्ट बसवतो. वेल्डिंग कुठे लिहिलंय?"

नंतर बाबा डब्यात बोट घालून एकेका बोल्टला ग्रीस लावायला लागले तेव्हा काकांनी कपाळावर हात मारला. "ब्रेडला लोणी लावतोयस का? मशीनच्या आतल्या बोल्टला ग्रीस लावतात, बाकड्याच्या नाही."

"गंजायला नको," बाबा म्हणाले.

बाबांचं असंच आहे. काम कितीही साधं असो, त्यांना ते नीटच लागतं. काका मला म्हणाले, "मास्तरीणबाई, तुम्ही तरी शिकवा तुमच्या बापाला." काका मला मास्तरीण म्हणतात, कारण मी सगळ्यांच्या चुका काढते. खरं तर मी कोणाला काही शिकवलेलं नाही. शिकले मात्र इथेच. लहानपणी पायाच्या दुखण्यामुळे मला शाळेत घातलं नव्हतं. अक्षरं पत्र्यावर खडूने गिरवली, अपूर्णांक पान्यांच्या मापांवरून शिकले, शुद्धलेखन आईने घेतलं. बाहेरच्या शाळेत गेले तेव्हा मोठी झाले होते, आणि इतर मुली "थोडंसं खोटं चालतं गं" म्हणायच्या तेव्हा मला कळायचंच नाही की चालतं म्हणजे कुठे चालतं. घरी तो धडा झाला नव्हता.

घरचे नियम दोन. निघालेला नट सुटा ठेवायचा नाही, पुसून लगेच त्याच्याच बोल्टवर फिरवून ठेवायचा, म्हणजे जोडी फुटत नाही. आणि दुसरा, जो मी वाचायला यायच्या आधी शिकले: ज्या लोखंडाला माणूस टेकलाय, त्याला वेल्डिंगची कांडी लावायची नाही. समोर कोणीही असो, कितीही घाई असो. आधी माणूस बाजूला, मग ठिणगी.

माझ्या पायाची तीन ऑपरेशनं याच हॉस्पिटलात झाली होती. आई आत माझ्याजवळ असायची. पुरुषांना वॉर्डात राहू देत नसत, त्यामुळे बाबा बाहेर असत. बाहेर म्हणजे कुठे, ते मी कधी विचारलं नाही. लहान होते.

१२ फेब्रुवारी

कमानी बसवल्या. मी पाने देत होते. मावशी तिथेच होती, पिशवी छातीशी धरून उभी. मला वाटलं ती ओळखणार नाही. तिने ओळखलं.

काम झाल्यावर ती बाकावर बसली, कमानीवर हात ठेवला आणि म्हणाली, "हात टेकायला बरी आहे."

माझी समजूत घालत होती. तिचा नवरा आत नळ्या लावून पडलाय आणि ती माझी समजूत घालत होती.

१५ फेब्रुवारी

आज वर्कशॉपला जायच्या आधी हॉस्पिटलकडे वळले. कशासाठी, ते स्वतःलाही सांगितलं नाही. मावशीच्या मनगटाला बँडेज होतं. बसल्या बसल्या डोळा लागला आणि कमानीवरून तोल जाऊन ती खाली फरशीवर पडली.

तिच्याजवळ एक उंच म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. याच हॉस्पिटलात नर्स होत्या, निवृत्त झाल्या तरी रोज सकाळी किटली भरून चहा आणतात आणि बाहेरच्या लोकांना देतात. मला पण कप दिला. "पेशंट कोण तुझा?"

मी म्हटलं, "कोणी नाही. कमानी आम्ही केल्यात."

चहा परत मागतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "मग तुला पाना चालवता येत असेल."

सिस्टरांनी अर्ज केले होते, साहेबांना भेटल्या होत्या, वरच्या साहेबांनाही. आता त्यांनी ठरवलंय की कमानी काढायच्या. त्यांच्याबरोबर एक निवृत्त पोस्टमन आहेत आणि पेशंटचे काही नातेवाईक. त्यांनी नियम सांगितले. काही मोडायचं नाही. कोणाला शिवी द्यायची नाही. पळून जायचं नाही. काढलेली वस्तू नीट परत द्यायची. नाव विचारलं तर सांगायचं, आणि जी शिक्षा होईल ती घ्यायची.

"दिवसाढवळ्या करायचं," सिस्टर म्हणाल्या. "सगळ्यांसमोर."

पोस्टमन म्हणाले, "जन्मभर उभ्याने काम केलंय मी. आडवं व्हायला मिळावं म्हणून तुरुंगात जायचं असेल तर माझी ना नाही."

मी पाना चालवीन म्हटलं. पण दिवसा नको. उजाडता उजाडता करू, रखवालदाराची पाळी बदलते तेव्हा. कोणी बघितलं तर बाबांचं हॉस्पिटलचं काम जाईल, आणि ते काम गेलं तर वर्कशॉपमध्ये उरतं काय, खिडक्यांच्या चार जाळ्या.

सिस्टरांनी रिकामे कप गोळा केले. मग म्हणाल्या, "लपून केलं की त्याला चोरी म्हणणं सोपं जातं, बाळ." पण माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या हो म्हणाल्या.

मी त्यांना त्यांच्याच नियमाच्या बाहेर ओढलं. पहिल्याच भेटीत.

१८ फेब्रुवारी

पाना घेतला. चोरला, असंच लिहायला हवं. स्वतःच्या घरात चोरला.

आमच्याकडे भिंतीवर फळी आहे, तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगाने काढलेली आहे, म्हणजे काय जागेवर नाही ते दारातूनच दिसतं. कमानींना लागणारा पाना वरच्या रांगेत असतो, मला स्टूल घ्यावं लागतं. आज तो खालच्या मोकळ्या खिळ्यावर होता, दाराजवळ. बाबा जागा चुकले. असं त्यांचं कधी होत नाही. हल्ली थकतात. अशा थकलेल्या माणसाला मी फसवते आहे.

मी पिशवी खांद्याला लावून निघत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "उद्या लवकर उठणार आहेस?"

मी म्हटलं, "फिरायला जाईन म्हणते." दुसरं खोटं.

"जा. हवा चांगली असते. मी उद्या उशिरा उठेन. आईला सांग, हाक मारू नको म्हणावं."

माझ्या आठवणीत बाबा एकदाही उशिरा उठलेले नाहीत. तब्येत बरी नसणार.

१९ फेब्रुवारी

झालं.

नट इतके सहज निघाले की मला भीती वाटली, बाबांनी नीट आवळले नव्हते की काय. पण आवळले होते, पहिला झटका जोराचा द्यावा लागला. मग बोटांनीसुद्धा फिरत होते. पोस्टमन कमानी उचलत होते, मी एकेक नट पुसून बोल्टवर परत फिरवत होते. सिस्टर म्हणाल्या, "अगं, चल, उजाडलं." मी म्हटलं, "एवढं होऊ दे." सगळ्या कमानी छपराच्या टोकाला भिंतीशी एकीवर एक रचल्या आणि वर प्लॅस्टिक टाकलं, दवाने भिजू नयेत म्हणून.

मागे वळून बघितलं तर मावशी आडवी झाली होती. शाल तोंडावर, पाय पूर्ण लांब. तिची पावलं बाकाच्या बाहेर आली होती. माप घेताना ती एवढी उंच आहे हे मला दिसलं नव्हतं.

फार आनंद झाला. घरी पोहोचेपर्यंत टिकला. बाबा दारातच उभे होते, अंघोळ करून, केस विंचरून. "फिरून आलीस?" म्हणाले.

२१ फेब्रुवारी

हे आजच लिहायला हवं.

दुपारी साहेब वर्कशॉपमध्ये आले. एक कमान बरोबर आणली होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली. मी मागे माझ्या चित्रांच्या टेबलाशी होते.

"हे बघा," ते बाबांना म्हणाले. "बोल्टवर नट, नटाखाली वॉशर, सगळं पुसून. चोर असता तर नट भिरकावून गेला असता. तोडफोड करणारा असता तर कमान वाकवली असती. एवढं व्यवस्थित कोण ठेवतं? तुम्ही खाटा दुरुस्त करता तेव्हा ठेवता, मी बघितलंय."

माझ्या लक्षात आलं ते तेव्हा. प्लॅस्टिक टाकलं, बोटांचे डाग पुसले, आणि आमच्या घरची सही मात्र प्रत्येक कमानीवर करून आले.

बाबांनी कमान उचलली. नट फिरवून बघितला, अगदी सावकाश. एखाद्याचं अक्षर बघावं तसा. "पद्धत आमचीच आहे," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्ही काढल्या?"

बाबांनी कमान परत टेबलावर ठेवली.

"पुन्हा बसवायचं काम मिळावं म्हणून? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "वरून माझ्यामागे लागलेत. पंचवीस तारखेला या आणि वेल्डिंग करून द्या. निघता कामा नयेत. नाहीतर हॉस्पिटलचं काम मला दुसऱ्याला द्यावं लागेल."

"येतो," बाबा म्हणाले.

मी उठले नाही. माझ्या हातात पेन्सिल होती, मी ती रेघ पुढे ओढत राहिले, कागद संपेपर्यंत. बाबांवर चोरीचा आळ आला आणि मी रेघ ओढत होते.

साहेब गेल्यावर काका म्हणाले, "दादा, तू काढल्यास?"

"मी झोपलो होतो. त्या दिवशी उशिरा उठलो."

"तू उशिरा उठलास," काका म्हणाले, आणि बराच वेळ माझ्या दिशेने बघत राहिले. माझ्या मागे कॅलेंडर आहे, तारीख बघत असतील.

२२ फेब्रुवारी

आज तीनदा बाबांना सांगायला गेले. पहिल्यांदा "बाबा" म्हटलं आणि त्यांनी ग्राइंडर सुरू केला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ग्राइंडर बंद होता. मी म्हटलं, "बाबा, त्या कमानींचं..." आणि ते म्हणाले, "मला काही सांगू नकोस. साहेबांनी विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही." आणि पुन्हा ग्राइंडर.

किती चिडले असतील. माझं ऐकून घ्यायचीसुद्धा त्यांची तयारी नाही.

आई जेवताना म्हणाली, "काय झालंय तुम्हा बापलेकींना? एक बोलत नाही, दुसरा ऐकत नाही. मला मधे भिंतीसारखं बसवलंय."

२३ फेब्रुवारी

सिस्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, बघ, मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "चूक माझी. नियम मला माहीत होता. तुझी दया आली म्हणून मी तो वाकवला, आणि भोगतोय तुझा बाप."

"आता काय करायचं?"

"आता जे पहिल्यांदाच करायला हवं होतं ते. लपायचं नाही."

आम्ही दोघी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. सिस्टर म्हणाल्या, "परवा तुम्ही कमानी वेल्ड करणार आहात. आम्ही त्या बाकांवर झोपणार आहोत. आधी सांगितलेलं बरं, म्हणून आलो."

साहेबांनी चष्मा काढला. "किती वेळ झोपणार?"

"झोप पूर्ण होईपर्यंत. इथल्या लोकांची बरीच बाकी आहे."

साहेबांना हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात लपवलं. मग म्हणाले, "पोलीस बोलवावे लागतील मला."

"बोलवा. त्यांच्यासाठी पण चहा आणते."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. कमानी मी काढल्या, एवढे तीन शब्द. तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "पंखा जरा कमी करता का?" परत येताना सिस्टर माझा हात धरून चालल्या.

बाबांना कसं सांगू, की ते जे लोखंड जोडायला येणार आहेत त्याच्यावर मी असणार आहे?

२४ फेब्रुवारी

सांगितलं नाही. ग्राइंडर दिवसभर चालू होता. चार वाजता बघितलं तर बाबांच्या हातात घासायला काहीच नव्हतं.

२५ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर मी माझ्या सोयीने काहीतरी गाळेन.

सकाळी दहा वाजता आम्ही बाकांवर आडवे झालो. सिस्टर, पोस्टमन, नातेवाईक, मावशी. मावशी तिच्या कोपऱ्यातल्या बाकावर, मी तिच्या शेजारच्या बाकावर. लोखंड खरंच गार लागतं. पाठीतून थेट दातांपर्यंत जातं. माप घेतलं, चित्र काढलं, पाने दिले, आणि त्या बाकांवर मी आज पहिल्यांदा पाठ टेकवली.

बाबा आणि काका वेल्डिंगचा सेट हातगाडीवर घेऊन आले. साहेब होते, दोन पोलीस होते, एक बाई आणि एक पुरुष. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत नर्स जमल्या होत्या.

बाबांनी मला बघितलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यांनी गाडीवरून सेट उतरवला, वायरी सोडल्या, होल्डरमध्ये कांडी अडकवली, नेहमीसारखं. मग अर्थिंगचा चिमटा हातात घेऊन माझ्या बाकाशी आले. तो चिमटा बाकाला लावला की सबंध बाक करंटच्या रस्त्यात येतं. चिमटा हातात धरून ते उभे राहिले.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"लोखंडाला माणूस टेकलाय."

"म्हणजे?"

"कांडी लावता येत नाही, साहेब. आधी माणूस बाजूला व्हायला हवा."

साहेबांनी मान हलवली, हे त्यांनाही ठाऊक असणार. "होतील बाजूला," ते हळू म्हणाले आणि पोलीसबाईंकडे बघितलं.

मी तेव्हा उठून बसले. पाय खाली सोडले नाहीत, सिस्टरांनी सांगितलं होतं बाक सोडायचं नाही म्हणून. मी म्हटलं, "साहेब, कमानी मी काढल्या. एकोणीस तारखेला, पहाटे. लपून केलं, ते चुकलं. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी त्या नीट घट्ट बसवल्या होत्या."

शेवटचं वाक्य कशाला बोलले कोणास ठाऊक. काका तोंड फिरवून खोकले.

साहेब बाबांकडे बघत राहिले. "तुम्ही मला त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं, तुम्ही काढल्या का. उत्तर दिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता."

मी पुन्हा आडवी झाले. पोलीसबाई माझ्याजवळ आल्या. वयाने माझ्याएवढ्याच. वाकून म्हणाल्या, "ताई, जरा उठता का? काम करायचंय."

तेच शब्द. तोच आवाजसुद्धा, कोणाची झोपमोड करताना निघतो तो. मी या बाईंच्या जागी उभी होते तेव्हा मावशी उठली होती, टेपचं टोक धरलं होतं. मी म्हटलं, "नाही उठणार. माफ करा." माफ करा खरंच मनापासून म्हटलं, त्यांची काही चूक नव्हती.

त्यांनी आणि दुसऱ्या पोलिसाने मला उचललं. मी अंग सैल सोडलं, सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे. गाडीपर्यंत नेताना मला छपराचा पत्रा दिसत होता, आणि मग आकाश. मान वळवली तेव्हा दिसलं, माझ्या रिकाम्या बाकावर लुंगी नेसलेला एक म्हातारा येऊन आडवा झाला होता. मला तो माहीत नव्हता. सिस्टरांना उचललं तर तिथे एक तरुण बाई. पोस्टमनना उचलायला पोलिसांना दोन रखवालदारांचीही मदत घ्यावी लागली, ते मोठ्याने म्हणाले, "सावकाश, पार्सल नाजूक आहे." आणि त्यांच्या जागी आणखी कोणी. मावशीला पोलिसांनी हात लावला नाही. तिच्या मनगटाकडे बघून ते थांबले.

बाबा चिमटा हातात धरून तसेच उभे होते.

पोलीस चौकीत नावं लिहून घेतली. "वडिलांचं नाव?" विचारलं तेव्हा माझा आवाज फाटला. संध्याकाळी सोडलं. कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

घरी आल्यावर आईने सांगितलं, बाबा दुपार उलटेपर्यंत तिथे उभे होते. एक उठला की दुसरा झोपत होता. शेवटी साहेब म्हणाले, सेट उचला. आणि हेही म्हणाले, की हॉस्पिटलचं काम आता त्यांना दुसऱ्याला द्यावं लागेल, वरून तसा फोन आलाय. बाबांनी वायरी गुंडाळल्या, साहेबांशी हात मिळवला आणि परत आले.

म्हणजे ज्याची भीती होती ते झालंच. माझ्यामुळे झालं. बाकं मात्र सध्या मोकळी आहेत. या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून बघते आहे. एक दुसरीला भरून काढत नाही.

२७ फेब्रुवारी

आज ग्राइंडर बंद होता. काम नाही म्हणून. मी पाना घेऊन बाबांसमोर उभी राहिले.

"हा मी न विचारता घेतला होता."

"नट सहज निघाले का?"

"हो."

"हं," बाबा म्हणाले. एवढं सगळं झालं, हॉस्पिटलचं काम गेलं, मुलगी चौकीत बसून आली, आणि त्यांना काळजी त्यांच्या नटांची. मला आणखीच लाज वाटली.

"मी विचारायला हवं होतं," मी म्हटलं.

"विचारलं असतंस तर मला नाही म्हणावं लागलं असतं."

म्हणजे त्यांची परवानगी नव्हतीच. मला तेच वाटत होतं. निदान त्यांनी ते तोंडाने सांगितलं.

मी स्टूल घेऊन पाना वरच्या रांगेत त्याच्या जागी टांगला.

काका कोपऱ्यात चहा पीत होते. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, तुम्हाला सगळं शिकवलं, बेरीज तेवढी राहिली."

"माझं गणित चांगलं आहे," मी म्हटलं. काका इतके हसले की चहा सांडला. बाबांनी त्यांना दटावलं, पण तेही नीट दटावता आलं नाही.

कोर्टाला बाबा येणार आहेत म्हणे. म्हणाले, "तारखेला कामच काय आहे मला?"

२ मार्च

काका काल सकाळी बातमी घेऊन आले. बसस्थानकाजवळच्या वर्कशॉपला काम मिळालंय, सोमवारी ते कमानी वेल्ड करायला जाणार आहेत. सिस्टरांना कळवलं. त्या साहेबांना आधी सांगून आल्या. आम्ही पुन्हा झोपणार.

मावशीच्या नवऱ्याला थोडं बरं आहे. एक नळी काढली. मावशी म्हणाली, "तो घरी गेला तरी सोमवारी मी येईन. माझं बाक आहे ते." मी तिला अजून सांगितलेलं नाही, की गादीबद्दल विचारलं तेव्हा मला माहीत होतं. सोमवारी शेजारी असू तेव्हा सांगेन.

त्या दुसऱ्या वर्कशॉपच्या माणसाला बाबा काल भेटून आले, असं आई म्हणाली. कशासाठी, ते तिला माहीत नाही. फक्त एवढं कळलं, की बाबा त्याला लहानपणापासून ओळखतात. दोघं एकाच उस्तादाकडे वेल्डिंग शिकले.

आज संध्याकाळी वर्कशॉप बंद करताना बघितलं, तर पाना पुन्हा खालच्या खिळ्यावर. आणि त्याच्या शेजारच्या खिळ्याला बाबांचं जुनं ब्लँकेट, चौकोनी घडी घालून, सुतळीने बांधून टांगलेलं. त्याच्या एका कडेला गंजाचा लांब डाग आहे, धुऊनही न गेलेला, सरळ, लोखंडी पट्टीच्या रुंदीचा. हे ब्लँकेट मी लहानपणापासून बघते आहे, डाग आज बघितला.

बाबा कुलूप हातात घेऊन बाहेर थांबले होते.

मी विचारणार होते, हे कोणासाठी. शब्द अगदी तोंडाशी आले होते. मग मी ब्लँकेट काढून पिशवीत ठेवलं, आणि विचारलं नाही.